घराला रस्ता पाण्याचा

तापोळ्याला किंवा बामणोलीला सहलीला गेलं, लाँचमध्ये बसलं आणि दोन्ही अंगांचे हिरवे डोंगर पाण्यात उतरलेले दिसले, की आपल्यापैकी एकीच्या तरी तोंडून हमखास निघतं, "काय गं सुंदर! इथं पाण्यातच घर करून राहावं बाई!" बरोबरचे पुरुष मान डोलावतात, मुलं 'राहू या ना' म्हणून हट्ट धरतात. मग लाँच काठाला लागते, आपण गरम भजी खातो आणि रात्री घरी येऊन नळ सोडतो.

नळाचं नाव मी मुद्दाम घेतलं. पाण्यावर राहण्याची कल्पना आपल्याला सुचते ती नेहमी घरातला नळ गृहीत धरून. मैत्रिणींनो, आज तुम्हाला कोयनेच्या पाण्यावर न्यायचं आहे, पण नुसता देखावा बघायला नव्हे. पाणी हाच ज्यांचा रस्ता आहे, त्या घरातल्या बाईचं दळण, सरपण, शाळा, बाळंतपण कसं निभतं, ते बघायला. माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं. तेव्हा नदीची खालची बाजू आणि वरची बाजू, दोन्ही माझ्या नात्यातल्याच म्हणा ना!

पण आधी थोडं लांब जाऊन येऊ. पाण्यावर खरोखरच बिऱ्हाड करणारी माणसं जगात आहेत. काश्मीरच्या हाउसबोटी आपल्याला सिनेमामुळे पाठ आहेत. पण संसारी बाईनं अभ्यास करावा अशी बोट आहे ती इंग्लंडच्या कालव्यांवरची. त्या कालव्यांची दारं जेमतेम ७ फुटांची, म्हणून बोटीची रुंदी ७ फुटांहूनही किंचित कमी. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. म्हणजे आपल्याकडच्या चाळीतला बोळच समजा, आणि त्या बोळात ओळीनं स्वयंपाकघर, बैठक, मोरी, झोपायची जागा. समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं! ही बोट ताशी ४ मैलांच्या वर पळवायची नाही असा तिथला दंडक आहे, म्हणजे शेजारच्या वाटेनं चालणारा माणूस तिच्या बरोबरीनं चालतो.

अशा बोटीवर आजही हजारो माणसं राहतात. काहीजण हौसेनं, काहीजण शहरातली घरभाडी परवडत नाहीत म्हणून. त्यांची दिनचर्या वाचाल तर तुमची हौस निम्मी उतरेल. पाणी टाकीतलं. टाकी संपत आली की नळ असलेल्या घाटापर्यंत बोट न्यायची आणि नळी लावून बसायचं. विजेसाठी इंजिन चालवून नाहीतर छतावरच्या सौर तावदानांवर बॅटऱ्या भरायच्या, म्हणजे इस्त्री आणि मिक्सर जपूनच. थंडीत कोळशाची शेगडी अखंड पेटती ठेवायची, नाहीतर भिंतींना ओल धरते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी. कडक थंडीत कालवाच गोठला, तर बोट जागच्या जागी. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, जी कुठल्याच रंगीत चित्रात दिसत नाही, ती म्हणजे संडास. बऱ्याच बोटींत त्याची पेटी असते. ती भरली की उचलून ठरावीक जागी नेऊन रिकामी करायची. ज्यांनी बांधण्याची कायमची जागा घेतलेली नाही, त्यांना साधारण १४ दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबता येत नाही. मग पोस्टमननं पत्र टाकायचं कुठं आणि मुलांनी शाळा धरायची कुठली?

हा शाळेचा प्रश्न तिथं फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात या बोटी मालवाहू होत्या. कोळसा, धान्य, चिनी माती वाहायच्या. रेल्वे आली, कालव्यावरची मिळकत घटली, तशी नावाड्यांनी काठावरची घरं सोडून बायकामुलांना बोटीवर आणलं. मालासाठी सगळी बोट, आणि कुटुंबाला मागची एक खोली. १० फूट लांब, ७ फूट रुंद! त्यात चूल, घडीचा पलंग, कपाट आणि चार-पाच पोरं. भाडं मिळायचं ते बोटीच्या कारभाऱ्याच्या हातात. बायको सुकाणू धरायची, कालव्याची दारं उघडायची, घोड्यामागं चालायची, पण तिच्या नावानं वेगळा पगार नसायचा. १८७७ साली तिथं कायदा होऊन अशा बोटींची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. तरी कितीतरी मुलं निरक्षरच राहिली, कारण शाळा एका गावात आणि बोट उद्या दुसऱ्या गावात. आता हे वाचताना तुम्हाला आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या आठवल्या का? मला तर त्याच आठवल्या.

तुम्ही विचाराल, कालवे आपल्याकडेही आहेत, मग बोटी का नाहीत? कराडजवळ खोडशीला बंधारा घालून काढलेला कृष्णा कालवा इंग्रजी अमदानीतला. तो सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या मागच्या दारातून जातो आणि धुणी धुणाऱ्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या त्याच्याच काठावर गप्पा मारून मोठ्या झाल्या. पण तो शेतासाठी. त्याला आवर्तन असतं, पाणी सुटलं की भरून वाहणार आणि बंद झालं की तळाशी शेवाळ. इंग्लंडच्या कालव्यात पाणी जवळपास उभं असतं, चढ-उतार आला की दोन दारांच्या मधल्या हौदात बोट कोंडून पाणी भरतात किंवा सोडतात आणि बोट वर-खाली नेतात. आपल्या कालव्याचं कामच मुळी उतारानं धावण्याचं. ताकारी-म्हैसाळच्या योजनांत तर पाणी पंपानं डोंगराकडे चढवलेलं. तिथं बोट घालणार कुठं?

आपली बोट ती नदीवरची. सांगलीत १९२९ साली आयर्विन पूल झाला, त्याच्याआधी पलीकडं सांगलवाडीला जायचं तर नावच. पूल झाला तरी नाव काही गेली नाही. औदुंबरला दत्तदर्शन झाल्यावर पैलतीराला भुवनेश्वरीला जायला अजूनही नावेत बसायची गंमत आहे. पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या की दोन्ही घाट माणसांनी फुलतात. माझ्या माहेरी 'नाव' हा शब्द असा सणावाराचा होता.

त्या शब्दाला दुसरा अर्थ आला तो महापुरानं. २००५ साली आला, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कायमचा आला. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. गावभागातल्या ज्या बोळांत आम्ही हळदीकुंकवाला पायी हिंडलो, तिथं वरच्या मजल्याच्या खिडकीतून बायामाणसं होडीत उतरवावी लागली. एका नावेत किती माणसं बसतात आणि घरातलं किती सामान मावतं, हे त्या आठवड्यात सांगलीच्या बायकांना कळलं. सामान मावतच नाही. औषधाची पिशवी, कागदपत्रं, एखादी दागिन्यांची डबी, संपलं. पिठाचे डबे, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, मुलांची पुस्तकं, सगळं मागं. आणि त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत झेपतील त्याहून जास्त माणसं चढलेली होती. बुडालेल्यांत बायका आणि लहान मुलं होती. घाबरलेल्या माणसाला 'तू पुढच्या खेपेला ये' असं सांगणं किती कठीण असतं, ते ज्यानं पूर पाहिलाय त्यालाच कळेल.

हे पाणी वरून येतं कुठून? महाबळेश्वरच्या डोंगरातून दोघी निघतात, कृष्णा वाईकडं जाते, कोयना जावळीच्या खोऱ्यातून दक्षिणेला. दोघींची गाठ पडते ती कराडच्या प्रीतिसंगमावर. त्या कोयनेला हेळवाकजवळ धरण बांधलं. १९५४ साली काम निघालं, १९६४ पर्यंत उभं राहिलं. १०५ टीएमसी पाणी मावेल एवढा शिवसागर जलाशय झाला. त्याचं मोठं माप डोंगराच्या पोटातून पलीकडं पोफळीला जातं, वीज करून कोकणात उतरतं, उरलेलं खाली कृष्णेला येतं. आपल्या घरातले दिवे किती वर्षं या पाण्यावर लागताहेत, याचा हिशोब कुणी ठेवलाय?

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पलीकडं उतरलं की बामणोली लागते. कासला सप्टेंबरात फुलांसाठी केवढी गर्दी असते ते मी सांगायला नको. पण गर्दीतले निम्मे लोक तिथूनच माघारी फिरतात. पुढचा उतार उतरला की एकदम खाली पाणी दिसतं, निळंशार, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं. समोरच कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या एकत्र येतात. म्हणजे नकाशावर येतात, प्रत्यक्षात आता सगळा एकच जलाशय. तिन्हींची जुनी पात्रं खाली आहेत, आणि त्यांच्या काठची भातखाचरं, देवळं, गावठाणंही खालीच.

आपण सहलीला जातो तेव्हा हे तळं पूर्वीपासून असंच असावं असं वाटतं. तसं नाही. इथं आधी रस्ता होता, मग पाणी आलं आणि मग लाँच आली. धरणात शंभराच्या आसपास गावं गेली. कुणाला ठाणं-रायगडाकडे, कुणाला सोलापूर-सांगलीकडे जमिनी मिळाल्या, तिथं ती माणसं गेली. पण कितीतरी घरं लांब गेलीच नाहीत. पाणी जसं वर आलं तशी ती डोंगराला वर सरकली. चूल वर नेली, देव वर नेला, गुरं वर नेली. रस्ता तेवढा नेता आला नाही. तो बुडाला. आणि त्या दिवसापासून शेजारचं गाव, बाजार, दवाखाना हे सगळं 'पलीकडं' झालं. हे सावरतंय तोवर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगरच्या परिसरात पुन्हा घरं पडली. या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायका काळ मोजतात तो असा : पाण्याच्या आधी, पाण्याच्या नंतर, भूकंपाच्या साली.

सकाळची लाँच बघा एकदा. रविवारची सहलीची नव्हे, आठवड्यातल्या मधल्या दिवसाची. टोपी-गॉगल नसतो. तांदळाचं पोतं, गॅसची टाकी, पत्र्याच्या चार पानांची गुंडाळी, खताची गोणी, एखादी शेळी, आणि मांडीवर पोर घेऊन बसलेली, डॉक्टरकडे निघालेली कुणी सून. डिझेल इंजिनाचा असा काही धडधडाट असतो की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागतं. अशाच एका लाँचमध्ये शेजारी बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, "रोज येता का?" त्या म्हणाल्या, "रोज कशाला? लाँचची वेळ आपली न्हवं. आपुनच लाँचच्या वेळंचं. चुकली का दिस गेला बघा."

या एका वाक्यात त्यांचा सगळा संसार आला. आपल्याकडं फोडणीला मोहरी नाही म्हटल्यावर पोराला कोपऱ्यावर पिटाळतो. तिथं कोपराच नाही! म्हणून त्या घरातली बाई आधी साठवण शिकते. आपल्या आज्या ज्याला पावसाळ्याची बेगमी म्हणत, ती आपण फ्रिज आल्यावर विसरलो, ती तिथं अजून पहिल्या धड्यासारखी पक्की आहे. मे महिन्यातच तांदूळ, नाचणी, वरी, डाळी निवडून, उन्हं दाखवून, राख नाहीतर कडुनिंबाचा पाला घालून बंद करायचं. मीठ, गूळ, चहापत्ती, काड्यापेट्या, बॅटरीचे सेल. सरपण छपराखाली रचून वर कागद. खारवलेले, वाळवलेले प्रकार, कोकमं. बाळाच्या तापाचं औषध. कारण जून उजाडला की या डोंगरात पाऊस असा कोसळतो की समोरचा काठ दिसत नाही. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि लाँच सोडायची की नाही हे नावाडी आभाळाकडं बघून ठरवतो. त्यानं नाही म्हटलं तर नाही. तिथं वाद घालायचा नसतो.

आता तो नळ आठवा. पुढ्यात एवढं अथांग पाणी, पण प्यायला ते कोण घेणार? पिण्याचं पाणी वरच्या झऱ्याचं. कुठं ते पाइपानं खाली आणलंय, कुठं हंड्यानं आणायचं. एप्रिल-मे महिन्यात झरे आटतात, आणि नेमका तेव्हाच जलाशयही खाली गेलेला असतो. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण कुणीतरी हौसेनं रचलेली नाही हो.

उन्हाळ्यात जलाशय उतरतो त्याचा आणखी एक ताप आहे, जो दिवाळीत सहलीला जाणाऱ्याला कळत नाही. तेव्हा लाँच अगदी पायरीशी लागते. मे महिन्यात तीच लाँच कितीतरी खाली, लांब थांबते. मधल्या उतारावर भेगाळलेला गाळ आणि बुडून गेलेल्या झाडांचे खुंट. तापोळ्याकडचा भाग तर जलाशयाचं वरचं टोक, तिथं पाणी आधी आटतं. म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन आधी गाळ तुडवायचा, मग लाँच, आणि पलीकडं उतरलं की पुन्हा तेवढाच गाळ आणि वर घरापर्यंत चढ. धक्का म्हणजे बांधलेली जागा असं आपल्याला वाटतं. तिथं धक्का ऋतूबरोबर चालतो.

आणि बरीचशी ओझी बायकाच वाहतात, कारण पुरुष मुंबईला. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतून माथाडी कामासाठी मुंबईच्या बाजारांत माणसं जायची ही रीत जुनी आहे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता पैसे बँकेत येतात. माणूस येतो तो गणपतीला, शिमग्याला आणि गावच्या जत्रेला. गणपतीत जलाशय काठोकाठ भरलेला असतो. मुंबईचा मुलगा, सून, नातवंडं, त्यांच्या बॅगा, पत्र्याच्या पेटीत जपून आणलेली मूर्ती, सगळे लाँचमधून येतात. त्या आठवड्यात म्हणे नावाड्याला जेवायला फुरसत नसते. मग विसर्जन झालं की पुन्हा घरात म्हातारं माणूस, सून आणि गुरं.

दुखण्याचं सांगते. तापोळ्याला, बामणोलीला आरोग्य केंद्रं आहेत. दिवसा, कोरड्या हंगामात, लाँच हाताशी असेल तर तिथवर जाणं जमतं. पण रात्री? रात्री पाणी काळं होतं आणि काठ कळत नाही. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी दांड्याला बांधून चौघांनी काठापर्यंत आणायचं. नावाड्याला उठवायचं. पलीकडं गाडी सांगून ठेवलेली असली तर ठीक, नाहीतर तिची वाट बघायची, आणि तिथून घाट चढून सातारा. म्हणून पोटुशी बाई शक्यतो महिनाभर आधीच पलीकडं नातेवाइकांकडं जाऊन राहते. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची हौस आहे, तिथं ती खबरदारी आहे. आणि माहेरही पाण्याच्या अलीकडंच असेल, तर? मग लांबची मावशी, मुंबईची नणंद, कुणीतरी शोधायचं. मावशी म्हणाल्या, "पोटातलं पोर काय लाँचची वेळ विचारून येतंय?" त्या हसल्या. मला काही हसता आलं नाही.

शाळेची गोष्ट तर न्यायालयापर्यंत गेली. २०२२ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांतून आलं, की जावळी तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढं जंगलातून पायपीट करून अंधारीच्या शाळेत पोचतात. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची आपण होऊन दखल घेतली आणि सरकारला विचारणा केली. तुमच्या-माझ्या घरात नववी-दहावीतली मुलगी सायकलवरून क्लासला गेली आणि यायला पंधरा मिनिटं उशीर झाला, तर आपण फाटकात जाऊन उभ्या राहतो. त्या मुलींच्या आयांनी कुठं उभं राहायचं? काठावर. पण काठावरून दिसतं ते पाणी, पुढचं जंगल दिसत नाही. आणि ते जंगल शोभेचं नाही. गवे आहेत, अस्वलं आहेत. १९८५ साली या डोंगरात कोयना अभयारण्य झालं आणि २०१० साली त्याचाच भाग घेऊन सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघांसाठी ते हवंच, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण आत राहणाऱ्या गावांना त्यामुळे सरपणापासून रस्त्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळी परवानगी लागते. काही गावं उठून गेली. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याचं मेट इंदवली हे त्यांतलंच एक. आज तिथं लाँच लागते ती गिर्यारोहकांसाठी.

मग त्यांनी हे सगळं सोडून का जाऊ नये, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. मी तसं विचारलं तेव्हा मावशींनी पाण्याकडं बोट दाखवलं. "एकदा उठलो न्हवं का? सासऱ्यांनी घर मोडून वर आणलं. आता परत मोडायचं?" आणि मग विषय बदलून, माझ्या पिशवीत काय काय आहे ते विचारू लागल्या.

सुधारणा होत नाहीत असं नाही. तापोळ्याला मोटारी आणि जीप वाहून नेणारा तराफा आला. गाडीसकट माणूस पलीकडं जायला लागला आणि कांदाटी खोऱ्यातल्या गावांना बाजार थोडा जवळ आला. आता तापोळ्याहून समोरच्या आहीर गावाकडं मोठा पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. पूल झाला की त्या बाजूच्या सुनांना रात्रीचं आजारपण थोडं सोपं जाईल. अकल्पे, लामज, निवळी, उचाट अशा आतल्या गावांना पुलापासून पुढचा रस्ताही तितकाच चांगला लागेल, ते वेगळं. पुलामुळे लाँचवाल्यांचं काय होईल, असं एकानं मला विचारलं. सहलीची माणसं येतच राहतील, असं मला वाटतं. तुम्ही-आम्ही आहोतच.

तेव्हा जरूर जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी भरपूर असतं, ऊन बेताचं असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात. वासोट्याला जायचं असेल तर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढावी लागते, ओळखपत्रं बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर पोचा, कारण लाँचला तासाहून जास्त लागतो आणि दिवस मावळायच्या आत जंगलातून परत यायचंच असतं. पावसाळ्यात तो किल्ला बंद असतो. लाँचचे दर बोट क्लबवर आधी विचारून घ्या. वर चढायच्या आधी सगळ्यांनी, विशेषतः मुलांनी, काठावरच 'जाऊन' घ्यावं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण मध्यावर गेल्यावर जो संकोच होतो तो याहून मोठा असतो! पाण्यावर थंडी बोचते, कानाला रुमाल हवा.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद लावून घाला, नुसतं गळ्यात अडकवून उपयोग नाही. साडी खराब होते म्हणून ते मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला उठून जाऊ नका, नावाडी ओरडला तर रागावू नका. लाँच भरलेली दिसली तर पुढच्या खेपेला जा. पिशव्या, बाटल्या परत आणा, पाण्यात टाकलेलं काठावरच्या घरांच्या दारात येऊन लागतं. जेवण एखाद्या घरी सांगायचं तर सकाळीच सांगा, म्हणजे त्यांना पीठ-तेलाचा हिशोब करता येतो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात असं साधं आणि चवीचं मिळतं. भाकरी दोन खाल्ल्या तर दोनच सांगा, मागं टाकू नका. ते पीठ कुठून आलंय ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि आधी कळवून निघालात, तर पलीकडच्या कुणा घरी न्यायला काय हवं ते विचारून ठेवा. मी गेल्या खेपेला विचारलं होतं. वाटलं, मिठाई म्हणतील. मावशींनी सांगितलं, सुईदोरा, पॅरासिटमॉलच्या गोळ्या आणि शाळेच्या चार वह्या, दोन रेघी.